इंजिन बंद पडलं, आता विमान वळवायचं कसं?

मैदानावर उडणाऱ्या मॉडेल विमानाचा आवाज एकदम थांबला, की सगळ्यांच्या माना वर होतात. इंजिन बंद पडलेलं असतं, विमान मात्र अजून हवेत असतं. रिमोट तुमच्या हातात असतो आणि तुमच्याकडे फार तर दहा-पंधरा सेकंद असतात. अशा वेळी बहुतेक नवशिके एकच गोष्ट करतात. विमान घाईघाईने स्वतःकडे वळवतात आणि ते खाली येतंय असं दिसलं, की त्याचं नाक वर ओढतात. पुढच्याच क्षणी एक पंख खाली कोसळतो, विमान गिरकी घेतं आणि जमिनीवर आदळतं.

मग आपण म्हणतो, "इंजिन बंद पडलं म्हणून विमान फुटलं." खरं तर ते वळताना फुटलेलं असतं. इंजिनाशिवायही तेच विमान धडधाकट खाली उतरू शकलं असतं.

घरात कुणी ऑनलाइन मागवलेलं फोमचं विमान उडवत असेल, मुलगी किंवा मुलगा एनसीसीच्या एअर विंगमध्ये एरोमॉडेलिंग शिकत असेल किंवा घरातल्या एखाद्या काकांनी बाल्सा लाकडाचं विमान महिनाभर खपून बनवलं असेल, तर हा लेख सगळ्यांनी मिळून वाचा. यात थोडं गणित आहे, पण ते सातवी-आठवीच्या मुलालाही कळेल असं आहे.

इंजिन थांबतं, विमान थांबत नाही

चढावर सायकल चालवताना पॅडल मारावं लागतं. उतारावर पॅडल न मारताही सायकल धावते. विमानाचंही तसंच आहे. इंजिन बंद पडलं, की विमानाला उताराची गरज लागते. नाक थोडं खाली ठेवलं, तर ते हवेतल्या एका अदृश्य उतारावरून घसरत पुढे जातं. यालाच ग्लाइड म्हणतात.

समजा, तुमचं शिकाऊ विमान १ मीटर खाली येताना ८ मीटर पुढे जातं. म्हणजे २० मीटर उंचीवर, साधारण सहा-सात मजली इमारतीएवढ्या उंचीवर इंजिन बंद पडलं, तर वारा नसताना ते १६० मीटर दूर जाऊ शकतं. ताशी ४० किलोमीटर वेगाने हे अंतर कापायला त्याला सुमारे १४ सेकंद लागतात. घाबरलेल्या माणसाला ते फार कमी वाटतात. काय करायचं हे आधीच ठरवून ठेवलेल्या माणसाला ते पुरेसे असतात.

एक हिशेब कायम लक्षात ठेवा. उंची म्हणजे बँकेतली शिल्लक आणि वेग म्हणजे खिशातली रोकड. इंजिन चालू असतं तोवर पगार येत राहतो. ते बंद पडलं, की जे काही आहे ते शिलकीतच भागवायचं. प्रत्येक वळणाला पैसे पडतात. त्यामुळे "वळता येईल का?" एवढंच विचारून चालत नाही. "हे वळण मला परवडेल का?" असं विचारावं लागतं.

सगळ्यात आधी नाक खाली

आवाज थांबल्याबरोबर पहिली कृती एकच. एलेव्हेटरची काडी किंचित पुढे करा आणि विमानाचं नाक क्षितिजाच्या जरा खाली येऊ द्या. विमान चढत असताना इंजिन बंद पडलं असेल, तर हे फारच तातडीनं करावं लागतं. कारण नाक वर असतं आणि वेग झपाट्याने कमी होत असतो.

मनाला हे पटत नाही. विमान आधीच खाली येतंय, मग आपणच ते आणखी खाली कशाला न्यायचं? याचं उत्तर पंखात आहे. पंखावरून हवा पुरेशा वेगाने आणि पंखाला चिकटून वाहिली, तरच पंख विमानाला उचलून धरतो. नाक फार वर ओढलं, की हवा पंखाच्या वरच्या बाजूपासून सुटते आणि उचल एकदम घटते. याला स्टॉल म्हणतात. एकदा स्टॉल झाला, की काडी कितीही ओढली तरी विमान वर येत नाही, उलट आणखीच कोसळतं. त्यातून सावरायला पुन्हा नाक खाली करून वेग घ्यावा लागतो आणि त्यासाठी उंची लागते. जमिनीजवळ तेवढी उंची नसते.

दुसरी कृती तोंडाने करायची. मोठ्याने ओरडा, "डेडस्टिक!" जगभरातल्या एरोमॉडेलिंगच्या मैदानांवर हा शब्द कळतो. इंजिन बंद पडलेल्या विमानाला उतरण्यासाठी पहिला मान असतो. हाक ऐकली, की बाकीचे लोक आपापली विमानं बाजूला घेतात आणि धावपट्टी मोकळी करतात. मैदानावर क्लब नसेल, फक्त घरची माणसं असतील, तरी ओरडाच. लहान मुलं धावपट्टीकडे पळत येत असतील, तर त्यांना वेळीच थांबवता येतं.

तिसरी कृती म्हणजे थ्रॉटल पूर्ण खाली घेणं. बॅटरीवरच्या विमानात मोटर मधेच पुन्हा सुरू झाली, तर उतरताना अचानक झटका बसू शकतो. हे सगळं दोन-तीन सेकंदांत उरकतं. त्यानंतर वळायचं की नाही, हे ठरवायचं.

वळणाची किंमत किती?

सरळ उडताना पंखांना फक्त विमानाचं वजन उचलायचं असतं. वळताना विमान एका बाजूला झुकतं. मग पंखांच्या ताकदीचा काही भाग विमानाला बाजूला खेचण्यात खर्च होतो आणि वजन उचलायला उरलेली ताकद कमी पडते. ती भरून काढायला पंखांना जास्त काम करावं लागतं. ३० अंश झुकलं, तर पंखांवरचा भार सुमारे १.१५ पट होतो. ४५ अंशांना तो १.४ पट होतो आणि ६० अंशांना दुप्पट. म्हणजे दोन किलोचं विमान ६० अंशांच्या वळणात पंखांना चार किलोचं वाटतं.

भार वाढला, की स्टॉलचा वेगही वाढतो. एक उदाहरण घेऊ. तुमचं शिकाऊ विमान सरळ उडताना ताशी २९ किलोमीटरला स्टॉल होतं आणि तुम्ही ताशी ४० च्या वेगाने ग्लाइड करताय असं समजा. वळताना काय होतं ते पाहा:

• ३० अंश झुकाव: स्टॉलचा वेग ताशी ३१. अजून ९ किलोमीटरची सवड आहे.
• ४५ अंश झुकाव: स्टॉलचा वेग ताशी साडेचौतीस. सवड जवळपास निम्मी झाली.
• ६० अंश झुकाव: स्टॉलचा वेग ताशी ४१. तुमचा वेग ४० आहे. म्हणजे ही उंची टिकवायला काडी ओढलीत, की विमान स्टॉल झालंच.

नवशिक्याचं विमान नेमकं इथेच पडतं. परतायच्या घाईत तो विमान खूप झुकवतो, ते खाली येताना दिसलं की काडी ओढतो आणि सरळ उडताना सुरक्षित असलेला वेग वळणात अपुरा ठरतो. त्यातच त्याने रडरही जोरात दाबला असेल, तर वळणाच्या आतल्या बाजूचा पंख आणखी हळू होतो. तो पंख आधी गळतो आणि विमान गिरकी घेतं.

मग अगदी हलकं, पसरट वळण घ्यावं का? त्यालाही किंमत आहे. वरच्याच विमानाने ३० अंश झुकून उलट दिशेला तोंड करायचं म्हटलं, तर सुमारे ६ सेकंद लागतात आणि वळणाचा व्यास ४० मीटरच्या वर जातो. ४५ अंशांना तेच काम साडेतीन सेकंदांत, २५ मीटरांच्या व्यासात होतं. अशा विमानाचा ढोबळ हिशेब मांडला, तर ३० अंशांच्या वळणात सुमारे १० मीटर उंची खर्च होते आणि ४५ अंशांच्या वळणात सुमारे ७ मीटर. झुकाव १० अंशांवर आणला, तर विमान एवढं मोठं वर्तुळ घेतं, की ते पूर्ण होण्याआधीच जमीन येते.

थोडक्यात, वळण फार तिरकं नको आणि फार पसरटही नको. ३० ते ४५ अंशांच्या दरम्यानचा, एकसारखा झुकाव ठेवा आणि नाक किंचित खालीच राहू द्या. इंजिन चालू असताना वळणात आपण काडी थोडी मागे ओढतो. ती सवय इथे घातक आहे. नवशिक्यांनी ३० अंशांच्या आसपास राहावं. दोन-तीन मीटर उंची जास्त गेली तरी चालेल, पण वेगाची सवड हाताशी राहते.

आणखी एक नियम. जमिनीपासून तीन-चार मीटरवर आल्यावर वळायचं नाही. पंख सरळ करा आणि समोर जे काही असेल तिथे उतरा. झुकलेला पंख जमिनीला आधी टेकला, तर विमान कोलांट्या खातं. पंख सपाट ठेवून गवतात उतरलेलं विमान बहुतेक वेळा जरासं खरचटून सुटतं.

वारा डोळ्यांना फसवतो

वाऱ्याबद्दल मैदानावर एक समजूत हमखास ऐकू येते: "वाऱ्याच्या दिशेने वळलं, की विमान पडतं." विमानाला वारा असा जाणवत नाही. ते हवेतच असतं आणि हवेबरोबर वाहत असतं. चालत्या रेल्वेच्या डब्यात तुम्ही पुढे चाला किंवा मागे, पायांना काहीच फरक कळत नाही, तसंच हे आहे.

फसतात ते जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचे डोळे. ताशी १५ किलोमीटरचा वारा असेल आणि विमान ताशी ४० ने ग्लाइड करत असेल, तर वाऱ्याला तोंड देताना ते जमिनीवरून ताशी २५ ने जाताना दिसतं. वाऱ्याबरोबर जाताना तेच ५५ ने पळताना दिसतं. आपल्याला वाटतं, अरे बापरे, किती वेगात चाललंय! आपण वेग कमी करायला काडी ओढतो. हवेतला वेग मात्र ४० च असतो. तो ओढण्याने घटतो आणि विमान स्टॉल होतं. म्हणून वाऱ्याबरोबर जाताना विमानाच्या पळण्याकडे पाहू नका, नाकाकडे पाहा. नाक ग्लाइडच्या कोनात असेल, तर सगळं ठीक आहे.

वाऱ्याचा दुसरा परिणाम मात्र खरा आहे. वाऱ्याला तोंड देऊन उतरलं, तर विमान ताशी २५ ने जमिनीला टेकतं आणि वाऱ्याबरोबर उतरलं, तर ५५ ने. वेग दुपटीहून थोडा जास्त दिसतो, पण धडकेची ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते. म्हणजे ती जवळपास पाचपट होते. म्हणून शक्य तेव्हा उतरणं वाऱ्याला तोंड देऊनच.

पोहोच किती, हेही वाऱ्यावर ठरतं. आपलं २० मीटर उंचीवरचं विमान वारा नसताना १६० मीटर जात होतं. याच १५ किलोमीटरच्या वाऱ्यात ते वाऱ्याविरुद्ध फक्त १०० मीटर जाईल आणि वाऱ्याबरोबर २२० मीटर. तुम्ही उडवत असताना विमान वाऱ्याच्या दिशेने दूर गेलं असेल, तर परत यायला ते कमी पडतं. म्हणूनच अनुभवी मंडळी वारा असताना विमान वाऱ्याच्या वरच्या बाजूलाच ठेवतात.

जमिनीजवळ झाडं, घरं, गवत यांमुळे वारा मंदावतो. वाऱ्याला तोंड देऊन उतरताना शेवटच्या काही मीटरांत विमानाचा हवेतला वेग अचानक कमी होऊ शकतो. त्यासाठी वाऱ्याच्या दिवशी नाक नेहमीपेक्षा जरा जास्त खाली ठेवून थोडा जादा वेग घेऊन या.

कुठे बंद पडलं, त्यावर निर्णय

उड्डाण करताच बंद पडलं, तर वळू नका. नाक खाली करा आणि समोरच उतरा. समोर झुडूप, खांब किंवा माणूस असेल, तर २०-३० अंश इकडे-तिकडे वळा, त्याहून जास्त नाही. मोठी विमानं उडवणारे वैमानिकही उड्डाणानंतर लगेच मागे फिरण्याला "अशक्य वळण" म्हणतात. पुरेशी उंची असेल तर ते शक्य होतं, पण कमी उंचीवर त्याचा मोह जिवावर बेततो.

धावपट्टीला समांतर, वाऱ्याबरोबर जाताना बंद पडलं, तर ही त्यातल्या त्यात सोयीची जागा. धावपट्टी बाजूलाच असते. नेहमीच्या जागेपर्यंत पुढे जायची वाट पाहू नका. आधीच वळा, म्हणजे धावपट्टी हाताशी राहील. उंची जास्त वाटली, तर धावपट्टीच्या पुढच्या टोकाला उतरा किंवा वळण थोडं लांबवा. उंची खर्च करणं नेहमी सोपं असतं. गेलेली उंची परत मिळत नाही.

उंच आणि डोक्याच्या आसपास असताना बंद पडलं, तर वेळ आहे. हलक्या वळणांनी उंची कमी करत या. एकच अट आहे, विमान वाऱ्याबरोबर दूर वाहून जाऊ देऊ नका.

दूर आणि खाली असताना बंद पडलं, तर धावपट्टी विसरा. शेजारचं पडीक शेत, गवत, मोकळी जमीन शोधा, वाऱ्याकडे तोंड करा, पंख सपाट ठेवा आणि उतरू द्या. उंच गवत म्हणजे मॉडेल विमानाची गादीच. विमान ओढूनताणून धावपट्टीपर्यंत आणण्याच्या नादात काडी मागे खेचली जाते आणि कुंपणाच्या अलीकडेच विमान स्टॉल होतं. नाक वर ओढून ग्लाइडचं अंतर वाढत नाही, उलट घटतं. हे वाक्य रिमोटवर चिकटवून ठेवलं तरी चालेल.

हडसन नदीने शिकवलेला धडा

१५ जानेवारी २००९ रोजी न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावरून एका प्रवासी विमानाने उड्डाण केलं. थोड्याच वेळात पक्ष्यांचा थवा धडकला आणि दोन्ही इंजिनांची ताकद गेली. विमान तेव्हा तीन हजार फुटांच्याही जरा खाली होतं. मागे वळून विमानतळ गाठायचा मोह कुणालाही झाला असता. कॅप्टन चेस्ली सलेनबर्गर यांनी विमान हडसन नदीत उतरवलं आणि आतले सगळे १५५ जण वाचले.

नंतर अमेरिकेच्या तपास यंत्रणेने सिम्युलेटरवर हा प्रसंग पुन्हा उभा केला. पक्षी धडकल्याबरोबर त्याच क्षणी मागे वळलं, तर विमानतळ गाठता येतो, असं काही प्रयत्नांत दिसलं. पण काय घडलंय हे समजून निर्णय घ्यायला माणसाला लागणारे ३५ सेकंद धरल्यावर ते वळण जमलं नाही.

आपल्या दोन किलोच्या विमानालाही हाच नियम लागू आहे. कागदावर शक्य असलेलं वळण प्रत्यक्षात शक्य नसतं, कारण मधे आपले गोंधळलेले सेकंद जातात. यावर उपाय एकच आहे. निर्णय आधीच घेऊन ठेवायचा. प्रत्येक उड्डाणापूर्वी स्वतःशी मोठ्याने म्हणा, "त्या झाडाच्या उंचीखाली बंद पडलं, तर सरळ. त्याच्या वर असेल, तर डावीकडे वळण." मुलांना ही सवय पहिल्या दिवसापासून लावा. मग प्रसंग आल्यावर विचार करायचा राहत नाही, ठरलेलं फक्त करायचं असतं.

समोरून येताना डावं कुठलं?

परत वळलेलं विमान तुमच्याकडे तोंड करून येतं, तेव्हा त्याचं डावं तुमच्या उजवीकडे असतं. घाईत हात उलटा जातो आणि पंख सरळ होण्याऐवजी आणखी झुकतो. यासाठी एक जुनी युक्ती आहे. समोरून येणाऱ्या विमानाचा जो पंख खाली गेलेला दिसेल, त्याच बाजूला काडी ढकला, जणू काही त्या पंखाला काडीने टेकू देताय. पंख वर येतो. डावं-उजवं आठवत बसायची गरज पडत नाही.

सराव इंजिन चालू ठेवूनच

इंजिन खरोखर बंद पडेपर्यंत थांबू नका. विमान चांगलं उंच न्या, थ्रॉटल सगळ्यात खाली घ्या आणि ग्लाइड पाहा. नाक कुठे ठेवल्यावर ते शांतपणे जातं, कुठे डुलायला लागतं, हे डोळ्यांत साठवा. मग त्याच उंचीवर मुद्दाम काडी हळूहळू ओढून स्टॉल करून पाहा आणि नाक खाली करून सावरा. त्यानंतर मंद थ्रॉटलवर पूर्ण उलट वळण घ्या आणि उंची किती गेली ते पाहा. शेजारी उभ्या असलेल्या कुणाला तरी एखाद्या झाडाशी किंवा खांबाशी तुलना करायला सांगा. विमानात उंची दाखवणारा सेन्सर असेल, तर उत्तमच. मिळालेल्या आकड्याच्या दुप्पट उंची ही तुमची मर्यादा धरा. त्याखाली मागे वळायचं नाही.

दुप्पट का? एक तर खऱ्या प्रसंगात काही सेकंद वाया जातात. दुसरं म्हणजे मंद चालणारा प्रोपेलरही थोडा जोर देत असतो. इंजिन खरंच थांबलं, की विमान सरावापेक्षा लवकर खाली येतं. वाऱ्याने नुसताच फिरत राहणारा प्रोपेलर तर ब्रेकसारखा अडवतो.

शेवटी मंद थ्रॉटलवर उतरण्याचा सराव करा. दर रविवारी दोनदा असं उतरलात, तर काही आठवड्यांत इंजिन बंद पडण्याची धास्तीच जाते.

बंद पडूच नये म्हणून

बॅटरीवरच्या विमानात टायमर लावा आणि बॅटरी पूर्ण संपायच्या बरंच आधी उतरा. बॅटरी फार उतरली, की स्पीड कंट्रोलर मोटरची ताकद तोडतो. बहुतेक विमानांत सर्वो मात्र चालू राहतात, कारण थोडी वीज त्यांच्यासाठी राखलेली असते. म्हणजे सुकाणू तुमच्या हातात असतं. प्रोपेलरचा नट आणि बॅटरीची जोडणी प्रत्येक उड्डाणाआधी तपासा.

इंधनावरच्या इंजिनात उड्डाणाआधी मदतनीसाने विमान घट्ट धरून नाक वर करावं आणि थ्रॉटल पूर्ण उघडून आवाज ऐकावा. नाक वर केल्यावर इंजिन अडखळत असेल, तर सुईची जुळणी किंवा टाकीतली नळी पाहा. धरणाऱ्याने प्रोपेलरच्या मागेच राहायचं. पुढे किंवा बाजूला कुणीही उभं राहायचं नाही.

विमानाचा गुरुत्वमध्यही तपासा. शेपूट जड असलेलं विमान इंजिन चालू असताना कसंबसं उडतं, पण ग्लाइडमध्ये लगेच स्टॉल होतं.

विमान पुन्हा बनतं

महिनाभर खपून बनवलेलं विमान खाली येताना पाहणं सोपं नसतं. मुलांना तर रडूच येतं. तरीही एक नियम मोडायचा नाही. विमान वाचवण्यासाठी ते माणसांच्या डोक्यावरून कधीही न्यायचं नाही. प्रेक्षक, लहान मुलं, गाड्या तुमच्या पाठीमागे असू द्या आणि तुमच्या मागे एक रेषा आखलेली आहे असं समजा. इंजिन चालू असो वा बंद, विमान त्या रेषेपलीकडे जाणार नाही. सगळ्यात जवळची वाट माणसांवरून जात असेल, तर विमान झुडपात जाऊ द्या. दोन किलोचं विमान ताशी ५५ किलोमीटरने लागलं, तर काय होईल, हे वेगळं सांगायला नको.

जागाही नीट निवडा. भारतात मॉडेल विमानंही २०२१ च्या ड्रोन नियमांच्या कक्षेत येतात आणि ती नजरेच्या टप्प्यातच उडवायची असतात. विमानतळाजवळचे आणि लष्करी भाग वर्ज्य आहेत. लाल, पिवळे आणि हिरवे विभाग दाखवणारा सरकारी नकाशा उडवण्याआधी पाहून घ्या.

विमान उतरल्यावर पळत जाऊन उचलू नका. थ्रॉटल खाली आहे याची खात्री करा आणि प्रोपेलरला हात न लावता आधी बॅटरी काढा. आदळलेली लिपो बॅटरी घरात किंवा गाडीत लगेच ठेवू नका. ती मोकळ्या जागी, जळण्याजोग्या वस्तूंपासून लांब ठेवून लक्ष ठेवा. फुगली असेल, तर पुन्हा चार्ज करू नका. विमान विजेच्या तारांवर अडकलं, तर काठी, बांबू काहीही लावू नका. संक्रांतीत पतंग काढताना जो धोका असतो, तोच इथेही आहे. वीज कंपनीला कळवा, नाहीतर विमान सोडून द्या.

मैदानावर जाण्याआधी घरातल्या छोट्या वैमानिकाकडून हे पाच शब्द पाठ करून घ्या: नाक, हाक, जागा, वळण, पंख. नाक खाली. "डेडस्टिक" अशी हाक. उतरायची जागा निवडायची. परवडत असेल तरच वळण, तेही हलकं. आणि टेकताना पंख सपाट. एवढं नीट जमलं, तर इंजिन बंद पडलेल्या दिवशीही विमान आणि मुलं दोन्ही धडधाकट घरी येतील.